टेबलावर ठेवलेला कॉम्प्युटर दोन मीटर खोल गेला: डाइव्ह कॉम्प्युटर आणि त्यामागची कंपनी कशी निवडायची

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ नाही, किंवा जे एसटीत बसल्यावर इअरफोन घरी राहिल्याचं आठवून हळहळतायत, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना मी 'म्हणजे' किती वेळा म्हणतो ते लिहून काढताना कळलं. ते बरेचसे काढलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

[००:४०] मालवणची खोली

गेल्या वर्षीची गोष्ट. मालवणला होमस्टेमध्ये रात्री जेवून खोलीत आलो. सुरमई झाली होती, सोलकढीचे दोन ग्लास झाले होते, झोप डोळ्यांवर होती. टेबलावर माझा डाइव्ह कॉम्प्युटर पडलेला. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, जाडजूड घड्याळासारखा दिसतो, मनगटावर बांधायचा. पाण्याखाली तो सांगतो की तुम्ही किती खोल आहात आणि अजून किती वेळ तिथं थांबू शकता.

बघतो तर स्क्रीनवर खोली १.९ मीटर, डाइव्ह टाइम ४१ मिनिटं. टेबलावर, पंख्याखाली, कोरड्या खोलीत हा गडी पाऊण तास पाण्यात होता!

मित्र म्हणाला, "काय बे, तुझं घड्याळ आपल्याला सोडून पोहायला गेलं की!"

हसलो. मग दोघंही गप्प झालो, कारण सकाळी त्याच कॉम्प्युटरच्या भरवशावर दोन डाइव्ह करायच्या होत्या. कोरड्या खोलीत जो १.९ मीटर सांगतो, तो पाण्यात १८ मीटरवर काय सांगेल? जास्त खोली दाखवली तर फार तर वेळ कमी मिळेल. कमी दाखवली तर? आणि तो कुठल्या बाजूला चुकणार हे मला कसं कळणार?

सकाळी तो पिशवीतच राहिला. डाइव्ह सेंटरवाल्या दादांकडून दुसरा भाड्यानं घेतला. घरी आल्यावर कंपनीला ईमेल केला, आणि तिथून आजचा विषय सुरू झाला. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या आमच्या सोलापुरातल्या पोरानं डाइव्हिंगवर एपिसोड करावा हा विनोद आमच्या आईनं आधीच करून झालाय, त्यामुळे कमेंटमध्ये नवीन काहीतरी लिहा.

[०३:१०] हा कॉम्प्युटर नक्की करतो काय?

आधी शरीराचं बघू. समुद्रात दर १० मीटरला साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो. पृष्ठभागावर एक, १० मीटरवर दोन, २० वर तीन. दाब वाढला की आपण श्वासातून घेतलेला नायट्रोजन रक्तात आणि बाकीच्या शरीरात जास्त विरघळतो. गोटी सोडा आठवा. गोटी आत ढकलली की दाब एकदम सुटतो आणि फसफस बुडबुडे येतात. डाइव्हर झपकन वर आला तर तीच फसफस त्याच्या शरीरात होऊ शकते. त्याला डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात. सांधे दुखतात, मुंग्या येतात, अंगावर चट्टे येतात, आणि प्रकरण मणक्यापर्यंत गेलं तर पाय लुळे पडू शकतात. उपचाराला रिकम्प्रेशन चेंबर लागतं, आणि ते काही तालुक्याच्या दवाखान्यात नसतं.

आता गंमत अशी की शरीराचे सगळे भाग एकाच वेगानं नायट्रोजन पीत नाहीत. एका पातेल्यात पोहे, मूग आणि छोले भिजत घाला. पोहे लगेच भिजतात, मुगाला काही तास लागतात, छोल्यांना रात्र लागते. रक्त आणि मेंदू हे पोहे. चरबी, सांधे हे छोले. १९०८ मध्ये जे. एस. हाल्डेन आणि सहकाऱ्यांनी शेळ्यांवर प्रयोग करून हेच मांडलं. त्यांनी शरीराचे पाच काल्पनिक कप्पे धरले, प्रत्येकाचा भिजण्याचा वेग वेगळा. पुढे स्वित्झर्लंडचे ब्यूलमान यांनी १६ कप्प्यांचं गणित केलं. आजच्या बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये त्याचीच आवृत्ती चालते.

पूर्वी हे छापील तक्त्यावर बघत. पॅडीच्या तक्त्यात १८ मीटरवर ५६ मिनिटं, ३० मीटरवर फक्त २० मिनिटं. पण तक्ता धरून चालतो की तुम्ही सगळा वेळ सगळ्यात खोल जागीच होता. कॉम्प्युटर मात्र दर काही सेकंदांनी दाब मोजतो आणि सगळ्या कप्प्यांचं गणित नव्यानं करतो. थोडं वर आलात की उरलेला वेळ वाढवून देतो.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. त्याच्यात नायट्रोजन मोजणारं काही नसतं. तो दाब मोजतो आणि वेळ मोजतो. पुढचं सगळं गणित. तुम्ही रात्री जागलात, पाणी कमी प्यायलात, वजन वाढलंय, यातलं त्याला काही माहीत नाही. म्हणजे सेन्सर खरा, गणित खरं आणि गणित लिहिणारी माणसं खरी, या तिन्हींवर विश्वास ठेवून आपण खाली जातो.

[०७:२५] तुम्हाला तो लागतो का?

बहुतेकांना नाही. तारकर्लीला जाऊन इन्स्ट्रक्टरचा हात धरून पंधरा-वीस मिनिटं मासे बघायचे आणि व्हिडिओ स्टेटसला टाकायचा असेल, तर खोली कमी असते आणि जबाबदारी इन्स्ट्रक्टरची. तीस हजार वाचवा, मालवणी जेवण जेवा.

पण ओपन वॉटर कोर्स केला असेल आणि नेत्राणी, अंदमान अशा डाइव्ह डोक्यात असतील, तर प्रत्येकाला स्वतःचा पाहिजे. बडीचा चालत नाही, कारण तो दोन मीटर वर होता आणि तुम्ही खाली कासव बघत होता. आणि दोन डाइव्हच्या मध्ये अदलाबदल तर अजिबात नाही. पहिल्या डाइव्हचा हिशोब ज्याच्यात आहे, तोच दुसऱ्या डाइव्हला तुमच्या मनगटावर हवा.

[०९:००] घेताना काय बघायचं

यूट्यूबवर स्क्रीन किती भारी आहे यावर वीस मिनिटं बोलतात. मी माझ्या क्रमानं सांगतो.

पहिलं, वाचता येतो का. कोकणात पाणी बऱ्याचदा गढूळ असतं. दुकानात दिवा कमी करायला सांगा, हात लांब धरा आणि खोली, वेळ, उरलेला नो-डेको टाइम हे तीन आकडे एका नजरेत सापडतात का ते बघा. शोधावं लागलं तर मॉडेल बदला.

दुसरं, कोणतं गणित आणि ते किती सावध. काही कंपन्या ब्यूलमान वापरतात आणि सावधपणा किती ठेवायचा ते तुम्हाला ग्रेडियंट फॅक्टरमधून ठरवू देतात. काहींचं स्वतःचं बंदिस्त गणित असतं. म्हणून एकाच डाइव्हमध्ये तुमचा १२ मिनिटं दाखवतो आणि बडीचा १८. दोन्ही चांगले असू शकतात. नियम सोपा आहे, दोघांनी १२ धरायची. कंपनी आपलं गणित मॅन्युअलमध्ये समजावून सांगते का, हे मात्र नक्की बघा.

तिसरं, बॅटरी. तीन प्रकार आहेत. नाण्यासारखा सेल, साधा पेन्सिल सेल, आणि आतली चार्ज होणारी. पेन्सिल सेल पानटपरीवर मिळतो. नाण्यासारखा स्वतः बदलता येतो, पण डाइव्ह कॉम्प्युटरला बऱ्याचदा सीआर २४५० लागतो. नव्या पेठेत मागितला तर दुकानदार काका रिमोटमधला सीआर २०३२ पुढं करतात. त्यामुळे जास्तीचा जवळ ठेवा. झाकण उघडलं की आतली रबरी रिंग नीट तपासा, एक केस अडकला तरी पाणी आत. चार्जवाला सोयीचा, पण तीन-चार वर्षांनी ती बॅटरी कोण बदलून देणार, हे आजच विचारा.

चौथं, स्मार्टवॉच. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. पाठीवर ५ एटीएम लिहिलंय म्हणून घड्याळ ५० मीटर खाली न्यायचं नसतं. तो कारखान्यातल्या चाचणीचा आकडा आहे, डाइव्हिंगचा परवाना नाही. ॲपल वॉच अल्ट्रा २०२२ मध्ये आलं, त्यावर ओशनिक प्लस ॲप टाकलं तर ४० मीटरपर्यंत डाइव्ह कॉम्प्युटरचं काम होतं, पण आयफोन पाहिजे. गार्मिनची डिसेंट मालिका २०१७ पासून आहे. घ्यायला हरकत नाही. फक्त डाइव्हच्या आदल्या रात्री सॉफ्टवेअर अपडेट करू नका. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला कोड टाकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

पाचवं, आपला डेटा आपल्याला मिळतो का. सबसरफेस नावाचं फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. २०११ मध्ये ते सुरू कोणी केलं माहितेय? लिनस टोरवाल्ड्स यांनी. हो, लिनक्स आणि गिटवालेच, ते स्वतः डाइव्हर आहेत. खूप कंपन्यांच्या कॉम्प्युटरमधला लॉग त्यात उतरवता येतो. उद्या कंपनीचं ॲप बंद पडलं तरी तुमच्या डाइव्ह तुमच्याकडे राहतात. आणि तक्रार करायची वेळ आली तर तोच लॉग पुरावा.

आणि खोक्यावर ईएन १३३१९ दिसलं तर चांगलं आहे, पण ते खोली आणि वेळ मोजण्याबद्दलचं युरोपचं मानक आहे. आतलं नायट्रोजनचं गणित बरोबर असल्याची हमी त्यात नाही.

[१४:३०] एक बग, जो टेस्टमध्ये सापडला नसता

आता आपल्या धंद्यातली गोष्ट. मी बीटेक करून सहा वर्षं कोड लिहितोय, तरी ही वाचली तेव्हा पोटात गोळा आला.

नव्वदच्या दशकात युवाटेक या स्विस कंपनीचा अलादिन एअर एक्स नायट्रॉक्स नावाचा कॉम्प्युटर होता. नायट्रॉक्स म्हणजे जास्त ऑक्सिजनचं मिश्रण. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, नायट्रॉक्समध्ये साधारण ३२ किंवा ३६. ऑक्सिजन जास्त म्हणजे नायट्रोजन कमी, म्हणजे खाली जास्त वेळ मिळतो.

डाइव्ह संपते, माणूस वर येतो, बोटीवर बसतो, रेग्युलेटर तोंडातून काढतो आणि साधी हवा घेतो. पण १९९६ च्या सुरुवातीपर्यंत बनलेल्या यंत्रांमधलं सॉफ्टवेअर धरून चाललं होतं की हा बोटीवरही नायट्रॉक्सच ओढतोय. मग त्याच्या हिशोबात नायट्रोजन भराभर बाहेर पडतो. खरं शरीर मात्र हळू रिकामं होतंय. दुसऱ्या डाइव्हला कॉम्प्युटर म्हणतो, जा, अजून भरपूर वेळ आहे.

कोड लिहिणाऱ्यांनो, बघा. पहिली डाइव्ह अगदी बरोबर. साध्या हवेवर दोन डाइव्ह केल्या, तरी बरोबर. आधी नायट्रॉक्स, मग विश्रांती, मग पुन्हा डाइव्ह, या एकाच क्रमात चूक. आणि डाइव्हरला ती दिसायची शक्यताच नाही, कारण स्क्रीन चालू, आकडे नीट, बीप वेळेवर.

अमेरिकेत या यंत्रांचा अधिकृत रिकॉल जाहीर झाला फेब्रुवारी २००३ मध्ये. यंत्रं बनल्यापासून सात वर्षं उलटल्यावर. तोपर्यंत किती जणांनी तो बांधून किती डाइव्ह केल्या असतील, विचार करा.

दुसरं उदाहरण हार्डवेअरचं. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात सुंटो आणि ॲक्वालंग अमेरिका यांच्याविरुद्धच्या एका सामूहिक दाव्यात समझोता झाला. २००६ पासून विकलेल्या सुंटोच्या डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये दाब मोजणारा सेन्सर बिघडू शकतो, असा आरोप होता. कंपन्यांनी दोष मान्य केला नाही, पण यंत्रं तपासून दुरुस्त करून किंवा बदलून द्यायची व्यवस्था मान्य केली.

या दोन गोष्टी ऐकून ती नावं काळ्या यादीत टाकू नका. चूक कुणाच्याही कोडमध्ये होते. बघायचं हे की ती कळल्यावर कंपनी किती लवकर आणि किती स्पष्ट बोलते. एखाद्या कंपनीच्या नावावर एकही सुरक्षा सूचना सापडली नाही, तर तिचे कॉम्प्युटर निर्दोष आहेत असं नाही. कदाचित ती बोलतच नसेल. मी आता वेबसाइटवर आधी फर्मवेअरच्या नोंदी उघडतो. 'किरकोळ दुरुस्त्या आणि सुधारणा' एवढंच लिहिलं असेल तर जपून. 'अमुक आवृत्तीत उंचीवर गेल्यावर नो-फ्लाय टाइम चुकीचा दिसत होता, तो दुरुस्त केला' असं कुणी लिहिलं असेल, तर तिथं कुणीतरी जबाबदार माणूस बसलाय.

[१९:५०] विकत घेण्याआधी एक ईमेल

कस्टमर केअर कसं आहे हे बिघडल्यावर कळतं, असं सगळे म्हणतात. मी आधीच तपासून बघितलं. तीन कंपन्यांना एकच प्रश्न पाठवला. प्रश्न आपल्या रस्त्याचा होता.

बघा, मालवण समुद्रसपाटीवर. सोलापूर साडेचारशे मीटरच्या आसपास. मध्ये सह्याद्री उभा. कोकणातून देशावर कुठल्याही घाटानं या, चढावं लागतंच. आंबोलीनं आलात तर ६९० मीटर. तिथं हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा साधारण आठ टक्के कमी. विमानात डाइव्हनंतर लगेच का बसू देत नाहीत? वर दाब कमी, म्हणजे पुन्हा तीच सोड्याची बाटली. घाटात परिणाम विमानापेक्षा खूप कमी, पण शून्य नाही.

डाइव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या २००२ च्या कार्यशाळेतून आलेली मार्गदर्शक वेळ अशी आहे. थांबा न घेता करता येणारी एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास. एका दिवसात जास्त डाइव्ह किंवा सलग काही दिवस असतील तर किमान १८ तास. वर येताना सक्तीचे थांबे घ्यावे लागले असतील तर १८ पेक्षा बरंच जास्त. हे २,००० फुटांपासूनच्या उंचीला धरून आहे, म्हणजे ६१० मीटर. आंबोली त्याच्या वर.

आणि आम्ही काय करायचो? रविवारी दुपारी दुसरी डाइव्ह संपवायची, वडापाव खायचा आणि सोमवारी सकाळचं स्टँडअप गाठायला गाडी सरळ घाटाला लावायची. दोन-अडीच तासांत आंबोली. तेव्हा असलं काही डोक्यातच आलं नाही.

तर ईमेल असा होता. "मी समुद्रसपाटीवर एका दिवसात दोन डाइव्ह करतो. अडीच तासांनी गाडीनं ६९० मीटरचा घाट चढतो आणि ४५० मीटरवरच्या घरी जातो. तुमच्या कॉम्प्युटरवरचा नो-फ्लाय टाइम या प्रवासाला लागू धरायचा का? मॅन्युअलमध्ये मला सापडलं नाही."

पहिल्या कंपनीकडून तिकीट नंबर आला. तीन आठवडे झाले तरी त्यापुढं काही नाही.

दुसरीचं उत्तर दुसऱ्याच दिवशी. आमचं उत्पादन सर्वोत्तम आहे, सर्व उंचींवर सुरक्षित आहे, आणि हे घ्या दहा टक्के सवलतीचं कूपन. मला हेच सगळ्यात वाईट वाटलं. प्रश्न वाचलाच नव्हता, आणि न वाचता 'सुरक्षित' हा शब्द वापरला होता.

तिसरीचं चार दिवसांनी आलं. खाली माणसाचं नाव होतं. त्यानं आधी उलट विचारलं, की डाइव्ह किती खोल, सलग किती दिवस. मग लिहिलं की आमचा नो-फ्लाय टाइमर विमानाच्या केबिनचा विचार करून केलाय, तुमच्या घाटासाठी आम्ही तो तपासलेला नाही, त्यामुळे आकडा देऊ शकत नाही. ६०० मीटरच्या वर जाणार असाल तर विमानासारखंच धरा. आणि हो, सोलापूरजवळ एखाद्या तलावात सराव करणार असाल तर उंचीची सेटिंग बघा, कारण ३०० मीटरच्या वर गणित बदलतं.

'आम्ही तपासलेलं नाही' हे वाक्य मी दोनदा वाचलं. जो विकण्याआधी एवढं खरं सांगतो, तो बिघडल्यावरही सांगेल असं वाटलं. मी तोच घेतला.

नाव सांगणार नाही. माझे तीन ईमेल म्हणजे काही सर्वेक्षण नाही, आणि त्या तिसऱ्या माणसानं उद्या नोकरी सोडली तर? तुम्ही तुमचा ईमेल पाठवा. तुमच्या रस्त्याचा, तुमच्या डाइव्हचा प्रश्न विचारा. चार दिवस लागले तरी चालतील, प्रश्न वाचलाय का ते बघा.

लोकांचे रिव्ह्यू वाचतानाही एक युक्ती. पाच स्टार आणि एक स्टार दोन्ही बाजूला ठेवा. तीन स्टारवाले वाचा. आणि चिडलेल्या माणसानं शेवट लिहिलाय का ते शोधा. 'शेवटी बदलून दिला' हे बरेच जण लिहायचंच विसरतात.

[२६:१५] वॉरंटी, खोकं आणि कायदा

आता माझं काय चुकलं ते. टेबलावर पोहणारा तो पहिला कॉम्प्युटर मी परदेशातल्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतला होता, सहा-सात हजार स्वस्त पडला म्हणून. बिघडल्यावर कंपनीचं उत्तर नवव्या दिवशी आलं, "यंत्र रीस्टार्ट करा." केलं. मी लॉग आणि व्हिडिओ पाठवला. एकोणिसाव्या दिवशी, "जिथून घेतला तिथं संपर्क साधा." विक्रेता म्हणाला, तुमच्या खर्चानं इकडं पाठवा. जातानाचं कुरिअर, परत येताना कस्टम्सचे कागद, सगळा हिशोब मांडल्यावर वाचवलेल्या पैशापेक्षा जास्त निघाले. अजून कपाटात आहे. अधूनमधून डाइव्ह करतो तिथल्या तिथं.

म्हणून घेण्याआधी चार प्रश्न लेखी विचारा. वॉरंटी भारतात चालते का? दुरुस्ती कुठं होते आणि पाठवायचा खर्च कुणाचा? दाबाचा सेन्सर वॉरंटीत आहे का? आणि मॉडेल बंद झाल्यावर किती वर्षं बॅटरी आणि सुटे भाग मिळतील?

भारतात रीतसर आलेल्या मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं बंधनकारक आहे. खोकं फेकू नका, फोटो काढून ठेवा. बिघाड झाला तर कोण उभं राहणार, ते त्या छोट्या अक्षरांत लिहिलेलं असतं.

तक्रार बग रिपोर्टसारखी लिहा. सीरियल नंबर, फर्मवेअर, तारीख, काय केलं, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं, सोबत लॉग. "तुमची सर्व्हिस एकदम बेकार" असं लिहिलं तर समोरच्याला करण्यासारखं काहीच उरत नाही.

तरीही दाद लागली नाही तर कायदा आपल्या बाजूनं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २०२० च्या जुलैपासून लागू आहे. ऑनलाइन विक्रीच्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे, तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. विक्रेता मुंबईत असला तरी तुम्ही सोलापुरातच दाखल करू शकता. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. पण विक्रेता परदेशात असला, तर निकाल हातात आला तरी वसूल कुणाकडून करणार? माझी गाडी तिथंच अडली.

[३०:४०] पाण्याखाली बंद पडला तर?

हे सगळ्यांनी ऐकाच. स्क्रीन गेली, आकडे वेडेवाकडे दिसले, की डाइव्ह संपली. बडीला खूण करा, हळू वर या, ५ मीटरवर तीन मिनिटं थांबा, बाहेर या. मग २४ तास पाण्यात नाही. नवा कॉम्प्युटर बांधून लगेच उतरू नका, त्याला तुमची सकाळ माहीत नाही. आणि वर आल्यावर अंगात काही वेगळं जाणवलं, मुंग्या, दुखणं, विचित्र थकवा, तर कॉम्प्युटर काहीही म्हणो, डाइव्ह सेंटरला सांगा, ऑक्सिजन मागा, डॉक्टरांपर्यंत पोहोचा. 'घरी जाऊन बघू' म्हणत घाट चढू नका.

[३२:००] शेवटी

आमचं वेळापत्रक आता बदललंय. शुक्रवारी रात्री निघतो. पोहोचल्यावर थोडी झोप काढतो. शनिवारी दोन डाइव्ह, दुसरी दुपारी १ च्या आत संपवायची. रविवारी सकाळी ७ च्या आधी गाडीला किल्ली लावायची नाही. अठरा तास होतात. संध्याकाळपर्यंत सोलापूर, आणि सोमवारचं स्टँडअपही चुकत नाही. एक डाइव्ह कमी होते, हे खरं. मित्र कुरकुर करतो. मग मी त्याला टेबलावरच्या त्या ४१ मिनिटांचा फोटो दाखवतो.

नव्या कॉम्प्युटरमध्येही दुसऱ्या महिन्यात एक चूक सापडली. लॉगमधली डाइव्हची वेळ एक तास पुढं. कळवलं. दोन दिवसांत उत्तर आलं, दोष खरा आहे, पुढच्या अपडेटमध्ये जाईल. अपडेट आलं, आणि नोंदींमध्ये ती चूक स्पष्ट शब्दांत लिहिलेली होती.

तुम्ही कुणी कंपनीला असा प्रश्न पाठवलात, तर आलेलं उत्तर व्हॉइस नोट करून पाठवा. नावं वगळून पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. तोपर्यंत सावकाश वर या. भेटूच!